आजोबांचे नाक रंगवताना

ओपीडी संपल्यावर मी सध्या तैलरंगात पोर्ट्रेट शिकतो आहे. शिकवणाऱ्यांची पद्धत जुनी आहे: आधी थोरांची नक्कल, मग जिवंत माणूस. मी निवडलेले चित्र फ्लॉरेन्सच्या दोमेनिको गिर्लांदायोचे, साधारण १४९० सालचे. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एक आजोबा आणि त्यांच्याकडे वर पाहणारा नातू. मूळ काम अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचे, लाकडी फळीवरचे. मी ते तैलरंगात करतो आहे.

हे चित्र का निवडले, ते आजोबांचे नाक पाहिलेत की कळेल. फुगलेले, गाठीगाठींचे. आम्ही त्याला रायनोफायमा म्हणतो. रोझेशिया या त्वचाविकारात काहींच्या, बहुधा पुरुषांच्या, नाकावरील तेलग्रंथी वाढतात आणि कातडी जाड होते. अशा माणसाला लोक सरळ दारुडा ठरवतात. दारूने चेहऱ्याची लाली वाढू शकते, हे खरे. पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्याचे नाक असे होऊ शकते. बिचारा लग्नकार्यात तोंड लपवत फिरतो.

रंगवताना पहिला धडा असा, की नाकावर थेट लाल लावला तर सर्कशीतला विदूषक तयार होतो. आधी हिरवट करड्या रंगात उंचसखलपणा, तो वाळला की वर लालसर पातळ थर. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट केलेत तर पुढे चित्राला भेगा पडतात. शिवाय तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, त्याला दिवसचे दिवस लागतात. पेशंटला ‘धीर धरा’ सांगणाऱ्या डॉक्टरला हे भारी जाते!

आपल्या सावळ्या कातडीवर रोझेशियाची लाली पटकन दिसत नाही. चेहऱ्याची आग, चुरचुर, गरम वाटणे, मुरुमांसारख्या पुळ्या, हे लक्षात ठेवा. आणि कृपा करून केमिस्टकडून स्टिरॉइडचे ‘गोरे करणारे’ मलम आणून लावू नका. आठवडाभर चेहरा छान दिसतो, मग थांबवले की दुप्पट भडकतो. उन्हापासून जपा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वाढलेले नाकसुद्धा शस्त्रक्रियेने किंवा लेझरने बरेच आकारात आणता येते.

माझ्या आजोबांच्या नाकाचे तीन थर झाले आहेत. नातवाचा चेहरा अजून कोराच आहे.