टार्टनला खोटं म्हणण्याआधी

संपादकांना लेख हवा होता बॉलवर. गेल्या नोव्हेंबरात सेंट अँड्र्यूज डेच्या निमित्ताने एडिंबरोच्या असेंब्ली रूम्समध्ये झालेल्या समारंभाचे माझे फोटो त्यांनी पाहिले आणि ‘किल्ट, बॅगपाइप, नाच, सगळं येऊ द्या’ असा निरोप धाडला. नाचाबद्दल लिहितेच. पण मी विणकाम शिकवते, तेही गॅलाशील्समध्ये, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातल्या जुन्या लोकरगिरण्यांच्या गावात. शेकडो माणसं टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड, नेसून समोर उभी असली की माझी नजर आधी कापडावर जाते. त्यात त्या रात्री जेवताना एक वाक्य कानावर पडलं, ते अजून डाचतं आहे.

आधी नाच. पायपरच्या मागून हॅगिसचं ताट येतं, कवी बर्न्सची १७८६ सालची कविता त्याच्यासमोर म्हटली जाते, जेवण होतं आणि मग रील सुरू होतात. एटसम रीलमध्ये चार जोड्यांचं रिंगण असतं आणि आठही जणांना आळीपाळीने मधे यावं लागतं. मला सगळ्यात भावला तो ५१व्या डिव्हिजनचा रील. १९४० साली फ्रान्समध्ये पकडल्या गेलेल्या हायलँड डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांनी जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत तो बसवला. नाचणाऱ्यांच्या रांगांमधून सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रूस उमटतो. अशा बॉलमध्ये कुणी पुकारून पावलं सांगत नाही, सराव करूनच यावं लागतं.

आता ते वाक्य. शेजारी बसलेले गृहस्थ उत्तम किल्ट नेसून आले होते आणि तेच मला छातीठोकपणे सांगत होते, की हे सगळं खोटं आहे. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट आणि गिरणीवाल्यांनी मिळून रचलेलं.

हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. १९८३ साली ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या ग्रंथात इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ते मांडलं आणि तेव्हापासून सगळे त्याचीच री ओढतात. त्यांच्या हातातले पुरावे भक्कम आहेत, हे मी मान्य करते. बंडखोरांच्या कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर १७४६च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना हा हायलँडचा, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख वर्ज्य झाला. बंदी उठली १७८२ साली. फौजेला सूट होती. पुढे १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर चालून आलेल्या ७४ आणि ७८ या हायलँडर पलटणी याच फौजेतल्या; अशा पलटणींच्या मागणीवर बॅनकबर्नचा विल्सन यांचा कारखाना वाढला. १८१५ साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडे आपापल्या टार्टनचा नमुना मागितला, तेव्हा आपलं टार्टन कोणतं हे काही प्रमुखांनाच ठाऊक नव्हतं. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. स्कॉटने त्या भेटीचा थाट उभा केला आणि राजासाठीचा एक बॉल याच असेंब्ली रूम्समध्ये झाला. विल्सनांचे माग रात्रंदिवस चालले. ट्रेव्हर-रोपर सांगतात, की मॅकफर्सन कुळाचं म्हणून विकलं गेलेलं टार्टन त्याआधी किड या गिऱ्हाइकाच्या नावाने ओळखलं जाई, कारण त्याने ते वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी घाऊक घेतलं होतं. आणि त्याही आधी तो वहीतला नुसता एक क्रमांक होता. १८४२ साली स्वतःला राजवंशातले म्हणवणाऱ्या दोन भावांनी ‘वेस्टियारियम स्कॉटिकम’ हे बनावट पुस्तक छापलं. त्यातली टार्टन आजही कुळांची म्हणून मिरवतात.

एवढ्यावरून सिद्ध होतं ते इतकंच, की नावं नवी आहेत. कापड नवं आहे हे कुठे सिद्ध झालं?

इथे थोडं तंत्र सांगायलाच हवं. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताण्यात रंगांचा जो क्रम, तोच धाग्याला धागा मोजून बाण्यात. बाण्याचा प्रत्येक धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो, पुढच्या ओळीत एक धागा सरकतो, म्हणून जीन्सच्या कापडासारखी तिरपी रेघ उमटते. लालवर लाल आला की शुद्ध लाल, लालवर काळा आला की दोन्हींची मिसळ. दोन रंगांतून तीन छटा निघतात, सहा रंगांतून एकवीस. बाणा ठोकताना हात जरा जड पडला की चौकोन चपटा होतो, आणि आठ वार कापडाच्या चुण्या घालताना शिंप्याची रेघ रेघेला लागत नाही. ही शिस्त एका राजाच्या भेटीपुरती कुणाच्या हातात येत नसते.

फॉलकर्कला सापडलेला, नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडात कोंबलेला चौकड्याच्या कापडाचा तुकडा तिसऱ्या शतकातला आहे. लोकरीच्या दोन नैसर्गिक रंगांत विणलेला. ग्लेन अ‍ॅफ्रिकच्या दलदलीतून निघालेल्या टार्टनचं वय तपासणीत १५०० ते १६०० या काळातलं ठरलं. २०२३ साली व्ही अँड ए डंडी संग्रहालयाच्या प्रदर्शनात मी ते पाहिलं आणि काचेसमोरून हलवेना. पण माझा खरा साक्षीदार मार्टिन मार्टिन. त्याचं पश्चिमेकडच्या बेटांचं वर्णन १७०३ साली छापलं गेलं. बेटाबेटांचे नमुने वेगळे असतात, अंगावरच्या कापडावरून माणूस कुठला ते ओळखता येतं, असं तो लिहितो. आणि सांगतो, की तिथल्या बायका लाकडाच्या तुकड्यावर प्रत्येक पट्ट्याच्या धाग्यांची संख्या राखून ठेवतात, म्हणजे नमुना बिनचूक उतरतो. स्कॉटच्या जन्माआधी अडुसष्ट वर्षं! कुळाचा तिथे उल्लेख नाही. गाव आहे, हिशेब आहे आणि तो ठेवणाऱ्या बायका आहेत. टार्टनला जुनं म्हणणारे आणि खोटं म्हणणारे, वादातले दोन्ही पक्ष कुळप्रमुख आणि राजे यांच्याभोवतीच घुटमळतात; या बायकांचं नाव कुणी घेत नाही, याची मला मनापासून चीड येते.

त्या रात्री मी येवल्याची पैठणी नेसले होते. टेबलावरच्या दोघींनी पदर हातात घेऊन उलटून पाहिला. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी. मग मी त्या गृहस्थांना किल्टची मोकळी कड उलटायला सांगितली. चौकडा हुबेहूब तोच, फक्त तिरपी रेघ उलट दिशेने धावणारी. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी उलटून पाहिली नव्हती. कापड सेलकर्कचं निघालं, म्हणजे आमच्या गावापासून जेमतेम दहा किलोमीटरवर विणलेलं.

आपल्याकडेही वेगळं नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात लोक विचारतात ते ‘मोर अस्सल आहे ना’ एवढंच. मागावर कोण बसलं होतं, हे विचारताना मी फार थोड्यांना ऐकलं आहे. आणि छापील चौकड्याच्या कापडाला टार्टन म्हणणाऱ्यांना समजावून तर मी थकले.

२००८च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही सुरू झाली. त्यातल्या व्याख्येनुसार चौकड्याचा नमुना विणता येण्याजोगा असला की पुरे. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर जुळवलेला, मागावर कधीच न चढलेला चौकडाही टार्टन ठरू शकतो. हे मला पटत नाही आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलून दाखवते. नोंदीसोबत विणलेला तुकडा बंधनकारक करा, त्यावर विणणाऱ्याचं नाव घाला, एवढीच माझी मागणी आहे. ती मान्य होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या वर्गात पहिले काही आठवडे संगणक बंद असतात. प्रत्येकाने लाकडी पट्टीवर धागे मोजून गुंडाळायचे, शेजाऱ्याने ती पट्टी पाहून कापड विणायचं, आणि दोन्हींतली मोजणी जुळल्याशिवाय पुढच्या धड्याला जायचं नाही.