आईचा बसलेला आवाज

आमच्या आईचा आवाज रेवदंड्यात प्रसिद्ध होता. मलिद्याच्या वेळी 'एलियाहू हन्नाबी' सुरू झाले की बायकांच्या घोळक्यातून तिचा सूर वेगळा ऐकू येई. वडील वारल्यावर मी तिला इकडे फ्रीमाँटला आणले. २०२३ च्या हिवाळ्यात तो आवाज बसला.

सर्दी असेल म्हणून हळदीचे दूध झाले, ज्येष्ठमध झाले, गुळण्या झाल्या. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यात तीन महिने गेले. चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे, हे आम्हांला नंतर कळले. पाणी पिताना तिला ठसका लागे. जिना चढताना ती मध्येच थांबे आणि आम्ही म्हणत असू, आता वय झाले. ती खुणांनीच बोलू लागली. आमच्या नाइल्स भागात १९१५ साली चॅप्लिनने मूकपट काढले होते. माझा मुलगा आजीला त्यावरून चिडवी. ती हसे, पण अलिबागच्या मावशीला दर रविवारी करायचा फोन तिने बंद केला. "काय बोलू? माझं मलाच ऐकू येत नाही," म्हणाली.

शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले. गाठ नव्हती, सूज नव्हती. डावा स्वरतंतू मात्र हलत नव्हता. त्यांनी छातीचा स्कॅन सांगितला. मला वाटले, कॅन्सरच. त्या रात्री मला झोप आली नाही. कॅन्सर नव्हता. दुखणे हृदयाचे निघाले.

वाचकहो, छातीचा आणि आवाजाचा संबंध काय, असे मीही विचारले. डाव्या स्वरतंतूची नस सरळ घशात येत नाही. ती आधी छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. उजवी नस गळ्याच्या तळाशीच वळते, म्हणून ती बहुधा वाचते. आईची मायट्रल झडप आकसली होती. रक्त मागे तुंबून हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगला, फुप्फुसाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दाबाने रुंद झाली, आणि ती वाहिनी व महारोहिणी यांच्यामध्ये बिचारी नस चेंगरली. व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर या डॉक्टरांनी १८९७ साली असे रुग्ण वर्णिले. त्यांचेच नाव या विकाराला आहे.

डॉक्टरांनी विचारले, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आई म्हणाली, "नऊ वर्षांची होते. महिनाभर शाळा बुडाली." तो ताप घशातल्या जंतूपासून येतो, वेळीच पेनिसिलिन मिळाले तर टळतो. साठ वर्षांपूर्वी नुसता घसा दुखतो म्हणून आमच्याकडे पोरीला डॉक्टरकडे कोण नेई? घशातले दुखणे हृदयात गेले आणि इतक्या वर्षांनी घशात परत आले.

मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप रुंद केली. जपानच्या कांजी इनोउए यांची ही युक्ती. छाती उघडावी लागली नाही. थोड्याच दिवसांत आई न थांबता जिना चढू लागली. आवाजाचे वचन कोणी दिले नव्हते. नस फार दिवस दबली की सुधारेलच असे नाही. मी विचारले, तीन महिने आधी आलो असतो तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

पाच महिन्यांनी आवाज थोडा परतला, जाडाभरडा. रविवारी तिने मावशीला फोन लावला. मावशीने विचारले, "कोण बोलतंय?"

"अगं, मीच. आवाज तेवढा अमेरिकेतला आहे."