सॉनी रॉलिन्स ऐकलाय का?

हल्ली भेटेल त्याला मी हाच प्रश्न विचारतोय. समोरच्यानं नकारार्थी मान हलवली की संपलंच, मग त्याची माझ्या तावडीतून सुटका नाही!

जॅझ म्हणजे बड्या हॉटेलच्या लॉबीत मागे मंद वाजत राहणारं काहीतरी, एवढीच माझी समजूत. आणि मग कानावर पडलं ‘सेंट थॉमस’. सॉनी रॉलिन्स या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकाच्या १९५६ सालच्या ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ या अल्बममधली पहिलीच रचना. आधी मॅक्स रोचचे ड्रम, मग टेनर सॅक्सोफोनवर एक खट्याळ, नाचरी धून. रॉलिन्सचा जन्म न्यूयॉर्कचा, पण आई कॅरिबियन बेटांवरची; ही धून म्हणजे तिकडचंच लोकगीत, त्यानं लहानपणी तिच्याच तोंडून ऐकलेलं. धून संपते, सोलो सुरू होतो, आणि पठ्ठ्या वाजवतो काय, तर दोन स्वर! तेच दोन, पुन्हा पुन्हा, कधी लवकर, कधी रेंगाळत, कधी मध्येच गाळलेले. आपला एखादा कसलेला गवई दोन स्वरांत घुटमळत राहतो आणि पुढचा स्वर लागावा म्हणून आपला जीव वरखाली होतो, अगदी तसं. मी लागोपाठ परत परत ऐकलं. घरचे वैतागले.

मग त्याच्याविषयी वाचायला घेतलं आणि पार वेडावलोच. १९५९ साल. वय तिशीच्या आत, नाव सर्वतोमुखी. अशा वेळी या माणसानं जाहीर वादन चक्क बंद केलं. का? तर लोक म्हणतात तितकं चांगलं आपल्याला वाजवता येत नाही, असं त्याचं त्यालाच वाटलं म्हणून! घरी रियाज करावा तर शेजारची बाई गरोदर, तिला त्रास नको. म्हणून तो वाद्य घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जायला लागला. खाली ईस्ट नदी, तिच्यात बोटी, शेजारून धडधडत जाणाऱ्या गाड्या, आणि हा आपला वाजवतोय. कधीकधी पंधरा-पंधरा तास, थंडीवाऱ्यातसुद्धा. १९६१ च्या अखेरीस तो मंचावर परतला आणि १९६२ मध्ये ‘द ब्रिज’ हा अल्बम आला. (खरं सांगू? मला त्याहून १९५७ चं ‘वे आउट वेस्ट’ जास्त आवडतं. पियानो नाहीच, नुसता बास, ड्रम आणि हा. केवढी मोकळी हवा आहे त्यात!)

पण मला खरा झपाटून टाकतो तो त्याचा विचार. एवढा रियाज कशासाठी? तर मंचावर तो विसरता यावा म्हणून. विचार करणं आणि वाजवणं या दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत, असं तो वर्षानुवर्षं मुलाखतींतून सांगत आलाय. १९५८ साली गुंथर शुलर या संगीतकारानं रॉलिन्सच्या ‘ब्लू सेवन’ या रचनेतल्या सोलोची बारकाईनं चिरफाड करून तोंडभरून कौतुक केलं, तर हा उलट अवघडलाच. आपण हे असं काही करतो, हे कळल्यावर सहज वाजवायचं कसं?

आणि आता ऐका! साठच्या दशकाच्या अखेरीस हा माणूस सॅक्सोफोन घेऊन थेट आपल्या मुंबईत आला होता. पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला. ध्यानाला बसलं की मन स्थिर होईना, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान. पवईत! मी त्या रस्त्यानं कितीदा गेलोय, आणि मला याचा पत्ताच नव्हता.

११ सप्टेंबर २००१ ला तो न्यूयॉर्कच्या त्या जुळ्या मनोऱ्यांपासून जेमतेम सहा गल्ल्यांवर राहत होता. वय ७१. मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर घर सोडावं लागलं तेव्हा हातात सॅक्सोफोन होता. बॉस्टनचा ठरलेला कार्यक्रम रद्द करावा असं त्याच्या मनात आलं होतं, पण बायको ल्युसिल म्हणाली, वाजव. हल्ल्यानंतर चार दिवसांनी तो तिथे वाजवत होता. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं आणि त्यातल्या एका सोलोला ग्रॅमी मिळालं.

जॅझ कळत नाही म्हणून बिचकू नका, मलाही कळत नाही. ‘सेंट थॉमस’ पुरती सात मिनिटांचीही नाही. आज रात्री मोबाइलवर लावा, मोबाइल पालथा ठेवा आणि ऐका.