दोष कोणाचा?

2002 साली वाणगावच्या या वसतिगृहात आम्ही इतिहास शिकवीत असू. संगणक-कक्षाची किल्लीही आमच्याकडेच असे. जुन्या संगणकावर लिनक्स बसविले होते. त्याला मोडेम जोडला आणि तो चालू केला की नेटवर्क कार्ड बंद पडू लागले. जोडणी करणाऱ्या आठवीतल्या मुलावर आम्ही रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, दोघांचा नंबर एकच आहे."

उपकरण प्रोसेसरला लक्ष देण्यासाठी जी हाक मारते, तिला इंटरप्ट म्हणतात. त्या जुन्या संगणकात या हाकांना 0 ते 15 एवढेच क्रमांक होते. मुलाने 'प्रोक'मधील 'इंटरप्ट्स' ही फाईल उघडून दाखविली: मोडेमचा कॉम-2 पोर्ट 3 क्रमांकावर होता. नेटवर्क कार्डाचा जंपरही 3 वरच निघाला! 10 क्रमांक रिकामा होता. संगणक बंद करून जंपर तेथे बसविला, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्येही 10 लिहिले. दोन्ही उपकरणे एकत्र चालू लागली.

पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे वर्गात शिकविणारे आम्हीच ते विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी परिपाठात सर्वांसमोर आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. आजही कोणावर रागावण्यापूर्वी तो 3 क्रमांक आठवतो.