बरणीचे वजन

तळोज्यात राहणाऱ्याला वासांची एक स्वतंत्र लिपी शिकावी लागते. औद्योगिक वसाहत आमच्या खिडकीपासून फारशी दूर नाही. कोणत्या वासाला खिडकी लावून झोपायचे आणि कोणत्या वासाला उठून बसायचे, हे वर्षा-दोन वर्षांत कळू लागते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इथली काही भटकी कुत्री निळी झाल्याचे वृत्त वाचकांना आठवत असेल. कासाडी नदीच्या पाण्यात मिसळलेल्या रंगाचा तो प्रताप होता. अशा गोष्टींची चर्चा होते आणि मग सवयही होते. पण तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका मध्यरात्री सगळी इमारत उग्र वासाने जागी झाली, आणि चौथ्या मजल्यावरून खाली उतरायला आम्हांला अकरा मिनिटे लागली. चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कपाटाची किल्ली यांच्या शोधात त्यांतली निम्मी गेली. खाली पोचेपर्यंत वास विरला होता. लोक एकमेकांकडे पाहून ओशाळे हसले आणि वर गेले. आम्हांला मात्र ती अकरा मिनिटे सलत राहिली. संकटकाळी उचलायची एक सॅक भरून ठेवायची, असे दुसऱ्या दिवशी ठरले.

‘आम्ही’ म्हणजे नवराबायको. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरात तिसऱ्या आई. एकजण त्यांना ‘अगं आई’ म्हणते, दुसरा ‘अहो आई’. इथे आदरार्थी लिहिणेच बरे. वय ऐंशी, दोन्ही गुडघे दुखरे.

थोडे वाचन केल्यावर पहिला शोध लागला तो आमच्या अज्ञानाचा. क्लोरीन हवेहून जड, तो खाली साचतो. अशा वेळी जिना उतरून धावणे चुकीचे. वरच्या मजल्यावर दारे-खिडक्या बंद करून फटींना ओले कापड लावणे शहाणपणाचे. अमोनिया मात्र हवेहून हलका. म्हणजे त्या रात्री आपण कशापासून पळत होतो हे ठाऊक नसतानाच पळत होतो. सॅकचा उपयोग घर सोडून दोन-तीन दिवस बाहेर काढावे लागले तर. पूर, आग, भूकंप अशा प्रसंगी. आमच्यापैकी एकाने २६ जुलै २००५ ची रात्र कुर्ल्याजवळ काढली आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कमरेएवढ्या पाण्यातून तो रुळांवरून चालला, तेव्हा डोक्यावर चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि पिण्याचे पाणी थेंबभरही नव्हते. अनुभव असा पाठीशी असूनही आम्हांला सॅक भरता येईना.

अडचण पाण्यापासूनच सुरू झाली. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर तिघांना तीन दिवसांचे सत्तावीस लिटर, म्हणजे सत्तावीस किलो. ते पाठीवर घेऊन कोण चालणार? सहा लिटरांवर तडजोड केली आणि सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवल्या. ज्याची भीती, तेच औषध. मग टॉर्च, पॉवर बँक, औषधे, जलसंजीवनीची पाकिटे, कागदपत्रांच्या प्रती, चणे-गूळ, कपडे. शिवाय चहाचा थर्मास, कारण चहावाचून एकाचे डोके चालत नाही. आणि आईंची गोधडी, कारण तिच्यावाचून त्यांना झोप नाही. सामानाच्या काट्यावर वजन भरले साडेचौदा किलो.

पुस्तकावरून खरा वाद झाला. मराठीच्या दोन प्राध्यापकांच्या सॅकेत एक तरी पुस्तक नको का? छोट्या आकाराची ज्ञानेश्वरी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. शेवटी लीळाचरित्राने निकाल दिला. महानुभाव परंपरा सांगते की, खालशाच्या धाडीच्या धामधुमीत त्या ग्रंथाची मूळ पोथी नाहीशी झाली आणि पुढे हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध झाला. पाठीवरचे गेले आणि पाठ केलेले उरले. ते उरताना पाठभेद झाले, हेही वर्गात आपण शिकवतोच; स्मरणाला वजन नसते, पण त्याची किंमत अशी मोजावी लागते. आमच्या घरात ही किंमत मोजायला आई समर्थ आहेत. त्यांना हरिपाठ तोंडपाठ आहे. ज्ञानेश्वरी कपाटात परत गेली.

गोधडीचे काय करायचे, हा वाद चालू असताना आईंनी पानशेतचा विषय काढला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पाणी पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत शिरले. आई तेव्हा सोळा वर्षांच्या, नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहणाऱ्या. लोक पर्वतीच्या दिशेने पळत होते. त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या आजीने, दागिन्यांचा डबा विसरून लोणच्याची चिनीमातीची बरणी उचलली. नुकतेच घातलेले कैरीचे लोणचे. बरणी पाच शेर तरी असेल. हा किस्सा आमच्या घरी विनोद म्हणून सांगितला जातो. आम्हीही हसलो.

“हसू नका,” आई म्हणाल्या. “नंतर जिथे राहिलो तिथे कोरड्या पोळ्या मिळायच्या. त्या लोणच्यावर आम्हीच नाही, आजूबाजूची चार बिऱ्हाडं जेवली. पाणी आलं म्हणून घर गेलं, आणि धरण फुटलं म्हणून नळाला पाणी नाही, असे दिवस होते ते. त्यात तेवढी एकच गोष्ट घरच्यासारखी होती.”

सुखसोयीच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद आम्ही ऐकलेला नाही. गोधडी जिंकली असे वाटत असतानाच आई पुढे म्हणाल्या, “पण बरणी आईच्या कडेवर होती ना, म्हणून धाकट्याला मी उचललं. चार वर्षांचा होता. वाटेत दोनदा माझ्या हातून निसटला.”

इतक्या वर्षांत किस्स्याचा हा भाग त्यांनी कधी सांगितला नव्हता. मामा सुखरूप राहिले, म्हणूनच बरणीचा विनोद होऊ शकला. बरणीचे वजन आजीने उचलले असे आम्ही समजत होतो. ते एका सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात गेले होते.

मग आम्ही प्रश्न वेगळा मांडला. आमच्या तासिका निरनिराळ्या वेळी असतात. त्यामुळे घरी आईंबरोबर बहुधा एकच जण असतो. त्या एकाने सॅक पाठीला लावून, एक हात कठड्यावर आणि दुसरा आईंना देऊन चार मजले उतरून दाखवायचे. साडेचौदा किलोंनी दुसऱ्या मजल्यावरच दम लागला. दहा किलोंनी तोल जाऊ लागला. सव्वासहा किलोंवर दोघांनाही सावकाश उतरता आले. त्यात पाणी तीनच लिटर उरले, थर्मास गेला, आणि गोधडीच्या जागी एक जुनी शाल आली. शाल आईंनी स्वतः निवडली. आपल्यामुळे वजन कमी करावे लागते आहे, हे त्यांना कळत होते. आणि त्यांना ते कळते आहे हे आम्हांला कळत होते. त्यावर कोणी काही बोलले नाही.

सॅक आता दारामागे टांगलेली असते. वर्षातून दोनदा, त्यातले एकदा मृगाच्या आधी, ती उघडून गोळ्या आणि खाऊ बदलतो. आईंच्या आग्रहाने तिच्यात लोणच्याची एक छोटी प्लास्टिकची बाटली ठेवली आहे, शंभर ग्रॅमची. दर वेळी ती अर्धी झालेली आढळते. आम्ही कोणाला काही विचारत नाही. पुन्हा भरून ठेवतो.