दादांची बुलेट

आमचे थोरले बंधू कालकथित दादा यांची १९७४ सालची बुलेट आर्णीतील आमच्या घरी टिनाच्या शेडखाली चार वर्षे धूळ खात उभी होती. याच गाडीवर दादा वर्षावासात धम्मग्रंथाच्या वाचनाला, भीमजयंतीच्या सभांना, पोरांच्या शिष्यवृत्तीच्या कामांना खेडोपाडी फिरले. हृदयविकाराने ते गेले आणि महिनाभरात गाडीही बंद पडली.

मग लोक बोलू लागले. कोणी म्हणाले, गाडी लाभली नाही. कोणी लिंबू-मिरची बांधायला सांगितले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे हळू आवाजात बोलले जाई. खरे सांगायचे तर आम्हीही शेडकडे पाहणे टाळत होतो. एका मिस्त्रीने गाडीकडे नुसते पाहून सांगितले, "इंजिन खलास. बोअर-पिस्टन, १५ हजार." आम्ही भंगारात देण्याचा विचार केला. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, विकायची असल तर विका. पण अपशकुनी म्हणून नोका विकू."

ते वाक्य आम्हाला लागले.

आय.टी.आय.ला जाणारी आमची मुलगी म्हणाली, "बाबा, इंजिन काहून उघडायचं? आधी दाब तर पाहा." तिने प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि आम्हाला किक मारायला लावली. अंगठा फटकन उडाला. म्हणजे इंजिनात दम होता! पेट्रोल पाहिले, तर कार्बोरेटरचे जेट चिकट गाळाने बुजलेले. प्लग इंजिनाला टेकवून किक मारली, तर ठिणगीच नाही. पाईंटवर पांढरी बुरशी, कंडेन्सर निकामी. अपशकुन तो एवढाच!

मग तीन रविवार आम्ही बापलेक शेडखाली बसलो. टाकीत डिझेल आणि मूठभर नट टाकून हलवले, तेव्हा तांबडा गंज बाहेर पडला. नवे पाईंट बसवून फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचे अंतर ठेवले. जुने दिवे सहा व्होल्टचे, कंदिलासारखे मिणमिणते. रात्रीच्या रस्त्याला ते धोक्याचे, म्हणून वायरिंगपासून बॅटरीपर्यंत सारे बारा व्होल्टचे केले. काहीजण म्हणाले, दादांची आठवण आहे, जशीच्या तशी ठेवा. आम्ही म्हटले, आठवण हार घालून ठेवायची की चालवायची?

ही गाडी मूळची इंग्लंडची. १९५५ साली रॉयल एनफिल्डने मद्रासच्या कंपनीशी भागीदारी केली आणि बुलेट आपल्याकडे बनू लागली. इंग्लंडातील उत्पादन पुढे थांबले. इकडे आपल्या कामगारांनी मात्र ती चालू ठेवली. ज्याच्या हाती काम, त्याच्या हाती विद्या राहते, हे आपल्या मुलामुलींनी ध्यानात घ्यावे.

चौथ्या रविवारी मुलीने किक हळूहळू दाबली. अँपिअरचा काटा मधोमध येताच डिकॉम्प्रेशनची कळ ओढून किक जराशी पुढे नेली, कळ सोडली आणि पूर्ण जोराने किक मारली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तो ओळखीचा धक्-धक् आवाज गल्लीभर घुमला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणीच काही बोलले नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, म्हणून काही मानू नका; स्वतः पारखून घ्या. ते आम्ही विहारात कित्येकदा वाचले होते. पारखण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही चार वर्षे शेडकडे पाठ फिरवून बसलो. आमच्या लेकीला ते एका अंगठ्याने उमगले. घरात काही बिघडले, कोणी आजारी पडले, पीक बुडाले, की आधी कारण शोधावे. कारण सापडले की उपाय सापडतो.

येत्या पौर्णिमेला शेजारच्या गावी वाचनाचा कार्यक्रम आहे. बुलेट मुलगी चालवणार आहे, आणि मागे वहिनी बसणार आहेत.

जयभीम!