कुलूप नवं, दांडा जुना

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास ऑफिसात शेजारच्या वहिनींचा फोन आला. "लवकर निघा. आई बाहेर राहिल्यात आणि दार लागलंय. गॅस चालू आहे म्हणतायत."

घाटकोपरहून ठाण्याला पोहोचायला मला पन्नास मिनिटं लागली. ती पन्नास मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. कुरिअर घ्यायला त्या दोन पावलं बाहेर आल्या, गॅलरीतून वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन बंद झालं. नाइट लॅच ते! एकदा लागलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली आत, फोन आत आणि गॅसवर डाळीचा कुकर. वॉचमन किल्लीवाल्याला शोधायला गेला होता, पण त्याच्या आधी मीच पोहोचले.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता, डाळीचा कोळसा झाला होता आणि घरभर धूर. त्यापलीकडे काही झालं नाही, हे आमचं नशीब. रात्री जेवताना आई हळूच म्हणाल्या, "मी वेंधळी झालेय का गं?"

चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अख्खं घर सांभाळलेल्या बाईने असं विचारावं! त्याच रात्री आम्ही ठरवलं, स्मार्ट लॉक बसवायचं. किल्लीची कटकटच नको. बोट लावलं की दार उघडलं.

ऑनलाइन चार-पाच कुलपांची माहिती वाचून नवऱ्याने एक छानसं कुलूप मागवलं. आम्ही किंमत पाहिली, रंग पाहिला, लोकांचे अभिप्राय वाचले. पाहिलं नाही ते फक्त आपलं स्वतःचं दार.

आमचं दार सागवानी आहे आणि त्यावर बाहेरच्या बाजूने चार फुटी उभा पितळी दांडा आहे. हल्ली नव्या इमारतींमध्ये स्टीलचे असे लांब दांडे सर्रास दिसतात. आमचा मात्र जुना, जाडजूड. हा फ्लॅट घेतला तेव्हा सासऱ्यांनी तो हौसेने आणला, लोकलच्या गर्दीत कागदात गुंडाळून, उभा धरून. अलीगढचं पितळ आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आता ते नाहीत. दांडा आहे.

कुलूप बसवायला आलेल्या मुलाने दार पाहिलं आणि मान हलवली. "मॅडम, हा दांडा काढावा लागेल."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही मागवलेल्या कुलपाला स्वतःची आडवी मूठ होती. ती मूठ बिजागरीच्या दिशेने आडवी जाते आणि खाली दाबली की दार उघडतं. आमचा उभा दांडा नेमका तिच्या वाटेत येत होता. दांडा काढला तर कुलूप बसेल, पण मग लाकडात बोल्टची दोन मोठी भोकं उरतील. ती बुजवायची, वर पॉलिश मारायचं.

"काढून टाका," आई म्हणाल्या. पटकन म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मला ते बरं वाटलं नाही. सासऱ्यांची आठवण हा एक भाग झालाच. पण आमचं दार आत उघडतं, त्यामुळे बाहेर पडल्यावर ते ओढून घ्यायला हाताला काहीतरी लागतं. शिवाय एक गोष्ट मी रोज पाहत होते आणि तिची दखल कधी घेतली नव्हती. बाहेरून आल्यावर आई डाव्या हाताने तो दांडा धरतात, मग एकेक पाय उचलून चप्पल काढतात. गुडघे दुखायला लागल्यापासून तो दांडा म्हणजे त्यांचा कठडाच आहे.

आम्ही ते कुलूप परत पाठवलं. दुसरं निवडलं ते बिनमुठीचं. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे नाइट लॅच होतं तिथे त्याची पेटी बसते आणि बाहेर फक्त आकड्यांची एक अरुंद पट्टी राहते. त्याच पट्टीवर बोट लावायची जागा. या वेळी आम्ही आमच्या जुन्या सुतारकाकांना बोलावलं.

काकांनी आधी ड्रिल बाहेरच काढलं नाही. कुलपासोबत आलेला कागदी नमुना दारावर धरला, मग तेवढ्याच मापाचा पुठ्ठा कापला आणि चिकटपट्टीने दारावर लावला. "आता घरातल्या सगळ्यांनी बाहेर उभं राहून बोट लावून बघा," म्हणाले.

तेव्हा कळलं की प्रश्न अजून सुटलेला नाही. दांड्याच्या वर पट्टी लावावी तर ती जमिनीपासून पावणेसहा फुटांवर जात होती. आईंचा उजवा खांदा आखडलेला, त्यांचा हात तिथवर जाईना. नऊ वर्षांच्या लेकीला उडी मारावी लागली. मधोमध, सोयीच्या उंचीवर लावावी तर पट्टी दांड्याला खेटत होती. पट्टीचा मध्य दाराच्या कडेपासून सहा सेंटीमीटरवर यायला हवा, कारण आतल्या पेटीचं मापच तसं. पट्टीची रुंदी साडेसहा सेंटीमीटर. आणि दांडा कडेपासून साडेआठ सेंटीमीटरवर सुरू होत होता. म्हणजे पट्टीचा उजवा काठ दांड्याखाली जात होता. तीन, सहा आणि नऊ हे आकडे दांड्याच्या आड! ते दाबायला बोट वाकडं करावं लागत होतं.

"इतकंच ना?" काका म्हणाले. "दांडा एक इंच सरकवू."

दोन दिवसांनी ते आले. दांडा उतरवला, बिजागरीच्या बाजूला एक इंच सरकवून पुन्हा बसवला आणि त्याच्या दोन्ही पायांखाली दोन चौकोनी पितळी चकत्या घातल्या. जुनी भोकं त्या चकत्यांखाली झाकून गेली. आता पाहणाऱ्याला वाटतं, दांडा पहिल्यापासून तिथेच होता. आई मधूनमधून येऊन पाहत होत्या. काकांनी शेवटचा बोल्ट आवळल्यावर त्यांनी दांडा धरून एकदा जोर देऊन पाहिला आणि चहा टाकायला गेल्या.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण संपली नाही.

कुलूप सुरू झालं. लेकीला तर खेळच मिळाला. आम्हा तिघांची बोटं चटकन नोंदली गेली. आईंचा अंगठा पाचव्या प्रयत्नात नोंदला गेला. त्यानंतर मात्र लागला तर लागला, नाहीतर लाल दिवा. "पुसून लावा, आई." "नीट दाबा, आई." "आजी, तू बोट हलवतेस." आम्ही तिघंही शिकवत होतो.

खरी गोष्ट अशी की वयाबरोबर बोटांवरच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते. ज्यांनी आयुष्यभर भांडी घासली, कणीक मळली, कपडे धुतले त्यांच्या तर जास्तच. यंत्राला धरायला रेषाच सापडत नाहीत. बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो तेव्हाही हेच झालं होतं. त्यात माणसाची काही चूक नसते, पण लाल दिवा लागला की वाटतं तसंच.

अंगठा नाही तर आकडे आहेतच, आम्ही म्हणालो. सहा आकडी संकेत आईंना पाठ होता. पण थोडा वेळ गेला की पट्टीवरचा उजेड विझतो. चश्मा शोधेपर्यंत आकडे गायब. घाईत तीनदा चुकले की कुलूप मोठ्याने ओरडतं आणि काही मिनिटं कोणाचंच ऐकत नाही. एकदा तसं झालं तेव्हा मजल्यावरची सगळी दारं उघडली होती. ते मला फार नंतर कळलं.

जुलैत आणखी एक गंमत झाली. पावसाने दार फुगलं, बोल्ट चौकटीवरच्या पट्टीला घासायला लागला आणि कुलपाची मोटर नुसतीच घरघर करायची. अशा वेळी दांडा धरून दार किंचित आपल्याकडे ओढायचं, की बोल्ट सुटतो. ही युक्ती आईंनीच शोधली. पुढे काकांनी पट्टीचं भोक कानशीने थोडं वाढवून दिलं. पण दांडा काढला असता तर त्या पावसाळ्यात आम्ही ओढलं कशाला असतं?

ऑगस्टमध्ये बाजारात भजनी मंडळाच्या एक काकू भेटल्या. "आईंची तब्येत बरी नाही का? दोन महिने झाले, आल्या नाहीत."

मी गप्पच झाले. भजन असतं संध्याकाळी चार वाजता. तेव्हा आम्ही दोघं कामावर, लेक क्लासला. आम्ही धरून चाललो होतो की त्या जातात.

घरी येऊन विचारलं. आधी म्हणाल्या, गुडघे दुखतात. मग म्हणाल्या, पाऊस असतो. मग जरा वेळाने म्हणाल्या, "अगं, परत आल्यावर दार उघडलं नाही तर? पुन्हा पायरीवर बसायचं? बँकेच्या मशीनला मी पटत नाही, आता घराच्या दारालाही पटत नाही."

आई बाहेर अडकू नयेत म्हणून आम्ही हे कुलूप आणलं होतं. आणि त्या कुलपाने त्यांना आत अडकवलं होतं. दोन महिने! आम्हाला पत्ताही नव्हता, कारण आमची बोटं चटकन लागत होती.

मी कपाटातून कुलपाचा खोका काढला. त्यात दोन छोट्या चकत्या होत्या, किल्लीच्या जुडग्यात अडकवायच्या. एक कुलपाला ओळखीची करून दिली की पट्टीजवळ नुसती धरायची, दार उघडतं. बोट नको, आकडे नको. शिवाय कुलपाची साधी किल्लीही त्यात होती, अगदी नेहमीसारखी. बोटाने दार उघडण्याच्या नादात आम्ही तो खोका नीट पाहिलाही नव्हता. चकती नोंदवायला एक मिनिट लागलं.

"तुमचा जुडगा आणा, आई."

जुडगा त्यांनी कुठेच टाकला नव्हता. कपाटाची किल्ली, गोदरेजच्या जुन्या कुलपाची किल्ली, काढून टाकलेल्या नाइट लॅचची किल्ली, गावच्या घराची एक. त्यात ती निळी चकती आणि नवी किल्ली घातली. मग मी आत गेले आणि त्यांना बाहेर उभं केलं. दार उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. लेक मोजत होती. अकरा वेळा उघडलं. बाराव्या वेळी मुद्दाम किल्लीने.

दुसऱ्या दिवशी आई भजनाला गेल्या.

तुमच्याही दाराला लांब उभा दांडा असेल आणि स्मार्ट लॉक घ्यायचा विचार असेल, तर मागवण्याआधी पट्टी घेऊन दारापाशी उभ्या राहा. कडेपासून दांडा किती अंतरावर आहे, दार किती जाड आहे, बाहेर जाळीचा दरवाजा असेल तर मध्ये जागा किती उरते, हे लिहून घ्या. भोक पाडण्याआधी पुठ्ठा लावून पाहा. सेल संपत आले की कुलूप आधी सूचना देतं, तिकडे काणाडोळा करू नका. एक किल्ली भरवशाच्या शेजाऱ्यांकडे ठेवा. आणि घरात ज्यांचं बोट लागणं सगळ्यात कठीण, त्यांना आधी दारात उभं करा. कुलूप त्यांना उघडता आलं तर ते घरातल्या सगळ्यांना उघडता येईल.

परवा मी लवकर घरी आले. लिफ्टमधून बाहेर पडले तर आई दारात. डाव्या हाताने दांडा धरून चप्पल काढत होत्या, उजव्या हातात जुडगा. मी पुढे होऊन माझं बोट लावणार, एवढ्यात म्हणाल्या, "थांब. मी उघडते."